हवेशीर जागी म्हणजे नेमकं कुठे?

थर्माकोल कापायला बसलं की सगळ्यात आधी पंखा बंद करावा लागतो. मग खिडकी. एखादी झुळूक आली तरी पांढरे दाणे खोलीभर उडतात, केसांत अडकतात, ओल्या रंगावर जाऊन बसतात. बाहीवरून झटकले तर तळहाताला चिकटतात आणि तळहातावरून झटकले तर पुन्हा बाहीला. ज्यानं हे काम केलंय त्याला ही स्थिर विजेची कटकट वेगळी सांगायला नको. तर अशी खोली बंद करून, तुकडे मांडून आपण गोंदाचा डबा उघडतो. डब्याच्या कडेला, भिंग घेऊन वाचावं अशा अक्षरांत लिहिलेलं असतं: ‘हवेशीर जागी वापरावे.’

या तीन शब्दांशी माझं भांडण आहे.

सूचना खोटी आहे असं मी म्हणत नाही. ती ज्या कामासाठी छापली आहे त्या कामाशीच तिचं जमत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. फोम हलका, म्हणून वारा चालत नाही. फवाऱ्याचा रंग मारायचा तर वाऱ्यासोबत धूळ येऊन ओल्या थरावर बसते. कॉन्टॅक्ट गोंद दोन्ही बाजूंना लावून तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं असतं. पंख्याखाली ठेवलं तर वर साय धरते आणि आत गोंद ओलाच राहतो. म्हणजे चांगलं काम करू पाहणारा माणूस वारा अडवणारच. शिवाय हवेशीर म्हणजे किती? एक खिडकी उघडी की दोन? चमचाभर गोंदासाठी की अख्ख्या डब्यासाठी? दहा मिनिटं की दिवसभर? नेलपॉलिश रिमूव्हरच्या बाटलीवर, थिनरच्या कॅनवर, रबराच्या गोंदावर आणि फवाऱ्याच्या डब्यावर, चारही ठिकाणी तेच वाक्य. चार वेगळ्या धोक्यांना जे वाक्य सारखंच लागू पडतं, ते चौघांपैकी एकाबद्दलही काही सांगत नाही. उद्या काही झालंच तर ‘आम्ही लिहिलं होतं’ असं म्हणायची सोय मात्र त्यात होते.

याचा एक परिणाम असा की आपण भलत्याच ठिकाणी घाबरतो आणि जिथे घाबरायला हवं तिथे निवांत असतो.

ॲसिटोनचा, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या द्रवाचा, प्रयोग बहुतेकांनी पाहिलेला असतो. बशीत थोडं ॲसिटोन, त्यात थर्माकोलचा पेला उभा करायचा. पेला फसफसत खाली बसतो आणि शेवटी बशीत चिकट पांढरा लगदा उरतो. बघणाऱ्याला वाटतं की काहीतरी भयंकर रासायनिक क्रिया झाली, विषारी वायू सुटला. प्रत्यक्षात तिथे नवं काहीच तयार होत नाही. फुगवलेल्या पॉलिस्टायरीनमध्ये सुमारे 98 टक्के हवाच असते. ॲसिटोन त्या प्लास्टिकच्या पातळ भिंती मऊ करतं, भिंती ढासळतात, कोंडलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते. पेला ‘नाहीसा’ झालेला नसतो. तो आधीपासूनच जवळजवळ नव्हता. ॲसिटोनही परकं नाही. उपास केला की आपलं शरीर स्वतःच ते थोडंसं बनवतं.

म्हणून त्या बशीशी खेळावं असं नाही. ॲसिटोनचा खरा स्वभाव आगीचा आहे. उणे 20 अंश सेल्सियसच्या आसपासही त्याची इतकी वाफ होते की ठिणगी मिळाली तर भडका उडावा. ही वाफ हवेच्या दुप्पट जड असते. भांड्यातून ती पाण्यासारखी खाली उतरते, जमिनीलगत सरकते आणि शेजारच्या खोलीतल्या ज्योतीपर्यंत पोचू शकते. आग मग आलेल्या वाटेनं परत येते. म्हणजे बशीतला तमाशा बघताना सगळ्यांचे डोळे बशीवर असतात आणि धोका टेबलाखालून चाललेला असतो. पण कुठल्याही डब्यावर ‘वाफ जमिनीलगत पसरते, त्याच मजल्यावर कुठे ज्योत किंवा पेटती वात नको’ असं सरळ लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. ज्वालेचं छोटं चित्र असतं. ते पाहून माणूस काडी पेटवत नाही, एवढंच.

आता दुसरं टोक बघा. फोमची शीट शिवणीसारखी जोडायची तर सगळ्यांचा आवडता तो पिवळसर, मधासारखा ओघळणारा कॉन्टॅक्ट गोंद. त्यात काही फसफसत नाही, काही वितळत नाही, बघण्यासारखं काहीच घडत नाही. वासही अनेकांना बरा वाटतो. अशा बऱ्याच गोंदांत द्रावक म्हणून, म्हणजे गोंद पातळ ठेवणारं आणि लावल्यावर उडून जाणारं द्रव म्हणून, हेक्झेन वापरलं जात आलं आहे. 1960 च्या दशकात जपानमध्ये घरोघरी चपला चिकटवायचा जोडधंदा चाले. लहान खोल्या, दारं बंद, डबा मांडीजवळ. त्या घरांमधल्या माणसांची बोटं बधिर होऊ लागली, पाय जड झाले, चालताना पाऊल ओढलं जाऊ लागलं. तपासणी झाली तेव्हा मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण डझनांनी निघाले. इटलीतल्या पादत्राणं बनवणाऱ्या कामगारांमध्येही हाच आजार सापडला होता.

यामागची यंत्रणा आज नीट ठाऊक आहे. श्वासातून आत गेलेल्या हेक्झेनचं यकृतात 2,5-हेक्झेनडायोन नावाचं संयुग बनतं. ते मज्जातंतूंच्या आतल्या धाग्यांसारख्या प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकतं आणि तंतूतली ने-आण तुंबते. सर्वांत लांब तंतूंना फटका आधी, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. वाईट भाग पुढेच आहे. गोंद वापरणं थांबवल्यावरही काही आठवडे त्रास वाढत राहू शकतो, आणि मग सावकाश, महिनोन् महिने घेत तो ओसरतो. त्यात मिथाइल इथाइल कीटोन हे दुसरं नेहमीचं द्रावक मिसळलेलं असेल तर हेक्झेनचा हा परिणाम आणखी तीव्र होतो. एका डब्यात दोन्ही असू शकतात. डब्यावर काय छापलेलं असतं? ‘सेंद्रिय द्रावके.’

हे ‘सेंद्रिय’ वाचून भाजीपाला आठवणारी माणसं मी पाहिली आहेत. हसू नका, शब्द तोच आहे.

थोडं गणित करू, कारण हवेशीर या शब्दाचा फोलपणा आकड्यांतच नीट दिसतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोली. म्हणजे साधारण 28 घनमीटर हवा. तीत 100 मिलिलिटर ॲसिटोन उडून गेलं आणि हवा अजिबात बदलली नाही, तर वाफेचं प्रमाण सुमारे 1,200 पीपीएम होतं, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 1,200 भाग. त्याच खोलीत थिनरमध्ये अनेकदा सापडणारं टोल्युइन तेवढंच उडालं तर प्रमाण 800 च्या आसपास. आकडा लहान म्हणून टोल्युइन बरं असं वाटेल. पण अमेरिकेतली नायॉश ही कामगार-आरोग्याची सरकारी संस्था टोल्युइनसाठी दिवसभराच्या कामाला 100 पीपीएमची मर्यादा सुचवते आणि 500 पीपीएमला ‘जिवाला किंवा आरोग्याला तत्काळ धोका’ असा शेरा देते. ॲसिटोनसाठी हेच दोन आकडे 250 आणि 2,500 आहेत. म्हणजे सारखीच खोली, सारखंच माप; एका द्रावकात तुम्ही तत्काळ धोक्याच्या रेषेच्या निम्म्यावर आहात, दुसऱ्यात रेषा ओलांडून पलीकडे. दोन्ही बाटल्यांवर सूचना एकच.

कोणी म्हणेल, खोली इतकी बंद कधी नसते, फटी असतात, सगळं द्रव एकदम उडत नाही. खरं आहे. पण काम करणारा खोलीच्या मध्यभागी ताठ उभा राहून खोलीची सरासरी हवा घेत नसतो. तो तुकड्यावर वाकलेला असतो, नाक गोंदापासून वीतभर अंतरावर. तिथलं प्रमाण सरासरीपेक्षा किती तरी जास्त असतं. आणि हे आकडे धडधाकट प्रौढ कामगारासाठी ठरवलेले आहेत, जो दिवसाचं काम करून मोकळ्या हवेत घरी जातो. घरात काम करणारा कुठे जाणार? त्याच खोलीत रात्री गादी पडते. त्याच जमिनीवर मूल रांगतं. गरोदर बाई शेजारच्या खोलीत असते. टोल्युइनची वाफ वारंवार मोठ्या प्रमाणात घेतली तर गर्भाला इजा होते, हे नशेसाठी ती हुंगणाऱ्या मातांच्या बाळांवरून वैद्यकाला ठाऊक आहे. तेवढी मात्रा कलाकुसरीत येत नाही, मान्य. पण किती मात्रा येते हे सांगणारं घरात काहीच नसतं.

नाक तर नाहीच नाही. वास पहिल्या काही मिनिटांत भपकन येतो आणि मग ‘गेला’ असं वाटतं. तो गेलेला नसतो. नाकानं दाद देणं थांबवलेलं असतं. बाहेरून कोणी आत आलं आणि ‘काय हा वास!’ म्हणालं की मगच कळतं. मी स्वतः एकदा लागोपाठ तीन आठवडे, रोज संध्याकाळी, एका नाटकाच्या सामानासाठी फोमची शिरस्त्राणं चिकटवत होतो. दार बंद, कारण बाहेर घरच्यांना वास जाऊ नये. हा विचार किती उफराटा आहे तो आत्ता लिहिताना कळतो. कपाळ ठणकायचं. मला वाटायचं डोळ्यांवर ताण येतोय, म्हणून मी दिवा आणखी जवळ ओढला.

तोंडावर मास्क होता, हे सांगायचं राहिलं. चांगला, नाकावर घट्ट बसणारा एन-95. तो धुळीचे कण अडवतो, 95 टक्के. वाफ त्याच्यातून सरळ आरपार जाते, जाळीतून पाणी जावं तशी. द्रावकाच्या वाफेला सक्रिय कोळशाच्या डब्या लावलेला रबरी मुखवटा लागतो. त्या डब्याही वापरल्या नाहीत तरी उघड्यावर ठेवल्या की हवेतलं काहीबाही शोषून निकामी होत जातात. काही द्रावकं, उदाहरणार्थ डायक्लोरोमिथेन, त्या कोळशालाही फार वेळ जुमानत नाहीत. हातमोज्यांची तीच गत. पातळ निळे नायट्रिलचे मोजे लोक विश्वासानं घालतात. ॲसिटोन त्यांच्यातून काही मिनिटांतच पार होतं आणि मग मोज्यामुळेच ते त्वचेशी कोंडून राहतं. ॲसिटोनला ब्युटाइल रबर लागतं. हेक्झेनला मात्र नायट्रिल बऱ्यापैकी चालतं. म्हणजे कुठला मोजा घालायचा ते आत काय आहे यावर ठरतं, आणि आत काय आहे तेच लिहिलेलं नाही.

फोमच्या बाबतीत हा अनामिकपणा आणखी वाढतो. ‘फोम’ या एका शब्दाखाली निदान पाच वेगळे पदार्थ खपतात. दाणेदार थर्माकोल आणि गुळगुळीत, घट्ट पॉलिस्टायरीनचा पाटा हे चुलतभाऊ. चपलेच्या तळासारखी लवचिक शीट ईव्हीएची. गादीतला स्पंज आणि दोन बाटल्यांतून ओतून फुगवायचा फोम पॉलियुरेथेनचा. फलक बनवायचा कडक पांढरा पाटा बऱ्याचदा पीव्हीसीचा. हातात घेतल्यावर जाणकाराला फरक कळतो, नवख्याला नाही. गरम तारेनं कापताना मात्र हा फरक जिवावर बेतणारा असतो. पॉलिस्टायरीन 100 अंशांच्या आसपास मऊ पडतं. तार बेताचीच गरम ठेवली तर लोण्यातून सुरी जावी तशी ती जाते, धूर जवळपास नसतो. तार लाल केली की कापणं संपलं आणि जाळणं सुरू झालं. तेव्हा स्टायरीन बाहेर पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2018 मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात बसवलं. तीच तार पीव्हीसीवर टेकवली तर हायड्रोजन क्लोराइड निघतो, जो नाकातल्या ओलाव्यात विरघळून आम्ल बनतो. पॉलियुरेथेन जळताना निघणाऱ्या वायूंत कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. दुकानातल्या पाट्यावर जाडी लिहिलेली असते, रंग लिहिलेला असतो. कशाचा आहे हे लिहिलेलं नसतं.

ओतायच्या पॉलियुरेथेन फोमबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. त्याच्या एका बाटलीत आयसोसायनेट असतं. त्याची गंमत अशी की पहिल्या काही वेळांना काही होत नाही, आणि मग एखाद्या वेळी शरीर कायमचं बिथरू शकतं. एकदा का त्याची ॲलर्जी बसली की नंतर अगदी सूक्ष्म मात्रेनंही दम्याचा झटका येतो. युरोपीय संघानं ऑगस्ट 2023 पासून डायआयसोसायनेट 0.1 टक्क्याहून जास्त असलेला माल व्यवसायासाठी हाताळणाऱ्याला प्रशिक्षण सक्तीचं केलं. हौशी माणूस त्या सक्तीच्या बाहेर आहे. कामगाराला जे शिकवल्याशिवाय हात लावू देत नाहीत, ते हौशी माणसानं चित्रफीत बघून करावं, असा याचा अर्थ.

निकी द सां फाल या शिल्पकर्तीचं नाव इथे येतंच. थोराड, रंगीबेरंगी, नाचऱ्या स्त्रियांची तिची शिल्पं जगभर चौकाचौकांत उभी आहेत. 1960 च्या दशकापासून ती पॉलिएस्टर रेझिन आणि फोम घेऊन काम करत होती. 1974 मध्ये फुफ्फुसात गळू होऊन तिला रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, आणि 2002 मध्ये ती वारली तोवर श्वासाच्या त्रासानं तिची पाठ सोडली नाही. आपल्या फुफ्फुसांचं हे असं का झालं याबद्दल तिला स्वतःला शंका नव्हती. ती पॉलिएस्टरच्या वाफा आणि धुळीकडे बोट दाखवायची. कलाकारानं कलेसाठी झिजणं याचं आपल्याला उगाच कौतुक असतं. तिला तेव्हा कोणी सांगितलं असतं आणि एक धड मुखवटा दिला असता, तर शिल्पं काही कमी रंगीत झाली नसती.

‘आम्ही वीस वर्षं हेच करतोय, काही झालं नाही’ असं म्हणणारा प्रत्येक गटात एक असतो, आणि तो बहुधा सगळ्यांत कुशल असतो. म्हणून त्याचं ऐकलं जातं. तो खोटं बोलत नाही. पण ज्याला झालं त्यानं काम सोडलेलं असतं. तो तिथे बसून सांगायला उरत नाही. शिवाय वीस वर्षांत त्याचा गोंद तोच राहिला असेल, पण डब्याच्या आतलं मिश्रण किती वेळा बदललं हे त्यालाही माहीत नाही. द्रावकांच्या किमती हलल्या की मिश्रणं हलतात.

याउलट ‘केमिकल म्हणजे विष’ म्हणणाऱ्यांचाही मला तितकाच कंटाळा आहे. त्यांच्या सल्ल्यानं लोक ‘नैसर्गिक’ म्हणून संत्र्याच्या सालीच्या तेलाकडे वळतात. ते तेल, म्हणजे त्यातलं लिमोनीन, थर्माकोल सुरेख विरघळवतं, ॲसिटोनपेक्षाही नीट. तेही पेटतं, आणि हवेत राहून जुनं झालं की त्वचेला ॲलर्जी आणतं. झाडानं बनवलं म्हणून रेणूला शील येत नाही. अशी सरसकट भीती उत्पादकाच्या पथ्यावरच पडते. सगळंच विष म्हटलं की कुठलं किती हे विचारायचं कारण उरत नाही, आणि पुन्हा तेच एक वाक्य सगळ्या डब्यांवर छापता येतं.

मग करावं काय, तर सूचना माणसांसाठी लिहायला लावावी. कायद्यानं. आत काय आहे त्याची नावं आणि प्रमाण डब्याच्या दर्शनी भागावर, वापरणाऱ्याच्या भाषेत, डोळ्यांना दिसेल अशा अक्षरांत. आणि ‘हवेशीर’च्या जागी माप: इतक्या आकाराच्या खोलीत एका वेळी इतक्या मिलिलिटरहून जास्त नको, खिडकी उघडी ठेवून मध्ये इतका वेळ. वर केलेलं गणित शाळेच्या रसायनशास्त्रातलं आहे. कारखान्याच्या रसायनतज्ज्ञाला ते चहा होईपर्यंत जमेल. व्यवसायाचं गुपित फुटेल ही तक्रार मला पटत नाही. प्रतिस्पर्ध्याला दुसऱ्याचा गोंद प्रयोगशाळेत तपासून घ्यायला फार काळ लागत नाही. गुपित राहतं ते फक्त ग्राहकापासून.

अर्धवट कायदा काय करतो याचंही उदाहरण आहे. अमेरिकेत कलासाहित्यावरच्या धोक्याच्या लेबलांचा कायदा 1988 मध्ये झाला. त्यानुसार विषतज्ज्ञाकडून मिश्रण तपासून दीर्घकालीन धोका असेल तर तसं छापावं लागतं, आणि डब्यावर ‘एएसटीएम डी-4236 शी सुसंगत’ अशी, त्या तपासणीच्या मानकाचा क्रमांक सांगणारी ओळ येते. चांगली सुधारणा होती. पण ती ओळ वाचून लोक समजतात की माल निर्धोक आहे. ओळीचा अर्थ एवढाच की कोणीतरी तपासलं आणि नियमाप्रमाणे लेबल लावलं. विष असलेल्या डब्यावरही ती ओळ असते.

आणि नुसत्या इशाऱ्याची मर्यादा किती असते ते डायक्लोरोमिथेननं दाखवलं. जुना रंग सोलायला आणि ॲक्रिलिकचे तुकडे जोडायला हे द्रावक फार सोयीचं. शरीरात त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड बनतो, म्हणजे माणूस आतून गुदमरतो. अमेरिकेत 2000 ते 2011 या काळात बाथटबचा जुना थर काढताना 13 कामगार या द्रावकाच्या वाफेमुळे दगावल्याची नोंद आहे. जागा न्हाणीघर, बहुतेकांत खिडकी नावापुरती. डब्यांवर पुरेशी हवा ठेवायची सूचना होतीच. शेवटी 2019 मध्ये रंग सोलायच्या अशा मालाची ग्राहकांना विक्रीच बंद केली गेली आणि 2024 मध्ये बंदी इतर बहुतेक उपयोगांपर्यंत वाढवली. युरोपनं हे पाऊल त्याच्या बरंच आधी उचललं होतं. रंग सोलणं त्यामुळे थांबलं नाही. लोकांनी दुसरी द्रावकं घेतली, थोडा जास्त वेळ दिला.

हेक्झेनबाबत तर इतकीही तडजोड नाही. त्याच्या शेजारचा रेणू, हेप्टेन, गोंदात जवळपास तेच काम करतो आणि मज्जातंतूंना त्या तऱ्हेनं जखडत नाही. तो थोडा महाग पडतो. घरगुती गोंदात हेक्झेन असण्याचं दुसरं कारण मला आजवर कोणी दिलेलं नाही.

जो पाण्याचा गोंद वापरा म्हणतो त्यानं कामाची अडचणही प्रामाणिकपणे सांगावी. पांढरा गोंद थर्माकोलच्या दोन पाट्यांमध्ये लावला तर कडा सुकतात आणि मधला भाग दोन-दोन दिवस ओला राहतो, कारण तिथे हवाच पोचत नाही. मी पाटे उघडून पाहिलेत. आतला गोंद बाटलीतल्यासारखा ताजा. उपाय आहेत. पातळ पट्ट्यांत लावायचा, मध्ये टूथपिक टोचून पकड द्यायची, वर वजन ठेवून रात्रभर विसरायचं. कमी तापमानाची गरम गोंदाची पिस्तूल चालते, जास्त तापमानाची फोमला खड्डे पाडते. रंगापूर्वी पांढऱ्या गोंदाचे दोन हात दिले की फवाऱ्याचं द्रावक फोमला खात नाही, आणि मुळात पाण्याचा रंग ब्रशनं दिला तर फवारा लागतच नाही. तारेऐवजी नवं पातं, लांब बाहेर काढून, हलक्या हातानं करवतीसारखं. या सगळ्याला वेळ लागतो. घाई असेल तेव्हाच माणूस द्रावकाकडे जातो, आणि कलाकुसर शिकवणारे शिक्षक आणि चित्रफिती बनवणारे बहुतेक वेळा घाईच शिकवतात. सुकण्याची वाट बघणं कॅमेऱ्यात कंटाळवाणं दिसतं.

द्रावक टाळता येत नसेल तेव्हा निदान हवा कुठून कुठे जाते ते बघावं. उघडी खिडकी म्हणजे वारा नव्हे; समोरासमोर दोन वाटा हव्यात. पंखा खिडकीत, तोंड बाहेर, काम पंख्याजवळ, आपण कामाच्या अलीकडे, म्हणजे ताजी हवा आपल्या पाठीमागून येऊन कामावरून बाहेर जाईल. पंखा डबा उघडण्याआधी चालू करायचा, कारण बटणाची ठिणगी वाफेत नको. थर्माकोलचे दाणे? ते आधी, वेगळ्या दिवशी, कापून-झाडून घ्यायचे. एवढं साधं वाक्य डब्यावर मावतं, मी मोजून पाहिलंय. ‘सर्वोत्तम पकड’ ही अक्षरं एक आकार लहान केली की झालं.

शिरस्त्राणांचं ते काम संपल्यावर मी डब्यावरच्या पत्त्यावर सुरक्षा माहितीपत्रक मागवलं. हे पत्रक सोळा भागांचं असतं. तिसऱ्या भागात घटक, आठव्यात मोजे-मुखवटे. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं: पत्रक ‘औद्योगिक ग्राहकांसाठी’ आहे. तिसऱ्या वेळी मी एका ओळखीच्या कारखानदाराला मागवायला सांगितलं, तर त्याला ते त्याच दिवशी मिळालं. त्यात धोक्याचं ते चित्र होतं, माणसाची आकृती आणि छातीवर फुटलेला तारा. तिसऱ्या भागात हेक्झेन होतं. आठव्या भागात मोज्याचं द्रव्य, मुखवट्याच्या डब्यांचा प्रकार, सगळं नावानिशी. माझ्या डब्यावर यातलं काहीच नव्हतं. डबा अजून माळ्यावर आहे, अर्धा भरलेला. टाकायचा कुठे, तेही त्याच्यावर लिहिलेलं नाही.